खिंड खुली कोणी केली? सह्याद्री, हिमालय आणि बर्फ हटवणारी गाडी

दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास एक छोटी बातमी वाचायला मिळते. जोजिला खिंड वाहतुकीसाठी खुली झाली. श्रीनगर-लेह मार्ग पुन्हा सुरू झाला. सोबत बहुधा एक छायाचित्र असते. दोन्ही बाजूंना माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीच्या बर्फाच्या भिंती, मधून जाणारी काळी ओली वाट, आणि त्या वाटेवर एखादा ट्रक. २०२५ साली ही बातमी १ एप्रिलला आली. खिंड त्या वर्षी अवघे ३२ दिवस बंद राहिली होती. भाषेच्या अभ्यासकाने या बातमीतल्या क्रियापदाकडे जरा थांबून पाहावे. ‘खिंड खुली झाली.’ व्याकरणाच्या दृष्टीने इथे खिंडच कर्ता आहे. जणू ऋतू पालटला, कळी उमलली, तशी खिंडही आपोआप उघडली. ‘खुली केली’ असे म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी केली? ‘झाली’ म्हटले की तो प्रश्न उरतच नाही.

या लेखाचा विषय हा राहून गेलेला कर्ता आहे. बर्फ हटवणाऱ्या गाडीचा, तिच्यातल्या डिझेलचा आणि ती चालवणाऱ्या माणसांचा इतिहास उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात बसून का लिहावा, असे कोणी विचारील. आमच्याकडे बर्फ म्हणजे लादी. कारखान्यातून निघालेली, भुशात घोळवलेली, गोणपाटाखाली झाकून हातगाडीवरून मासळीबाजाराकडे किंवा रसवंतिगृहाकडे जाणारी. हिवाळ्यात बदलापुरात पारा मुंबईपेक्षा चार-पाच अंश खाली उतरला की आम्हांला ‘थंडीची लाट’ आल्याचे समाधान मिळते. तरीही या पट्ट्याचा आणि हिमालयातल्या रस्त्यांचा संबंध लावता येतो. तो संबंध ओढूनताणून लावलेला नाही, हे पुढे दिसेलच.

आधी शब्दांचे पाहू. आकाशातून पडणारा भुसभुशीत हिमकण आणि गोठलेल्या पाण्याची टणक लादी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. इंग्रजीत त्यांना दोन वेगळी नावे आहेत. मराठीत दोन्ही ‘बर्फ’. हा शब्द आपण फारसीतून घेतला. ‘हिम’ संस्कृतातून आला आणि समासांत अडकून पडला. हिमवर्षाव, हिमस्खलन, हिमालय असे शब्द आपण वापरतो, पण ‘बाहेर हिम पडले आहे’ असे कोणी म्हणत नाही. आपल्या अनुभवातले शब्द म्हणजे दव, धुके, गारा, गारठा. यंत्राच्या नावाची तऱ्हा तर आणखी गमतीची. इंग्रजीने आणि जर्मनने या यंत्राला शेतकऱ्याच्या नांगराचे नाव दिले, तर फ्रेंचमध्ये त्याला ‘शास-नेज’, म्हणजे हिमाला पिटाळून लावणारा, असे म्हणतात. भाषांतराच्या तासाला हा शब्द आला की एखादा विद्यार्थी हमखास ‘बर्फाचा नांगर’ लिहितो आणि वर्गात हशा पिकतो. हशा पिकणे साहजिकच आहे. मराठी नांगर माती उलथतो, पेरणीसाठी जमीन तयार करतो. हे यंत्र काहीच पेरत नाही, ते फक्त बाजूला सारते. (शिकागो किंवा टोरांटोकडच्या मराठी घरांत पहाटे या गाडीच्या पात्याचा डांबरावर घासण्याचा आवाज रोजचा झालेला असतो. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यात ती ‘प्लाउ’च असते, आणि ‘प्लाउ येऊन गेला का?’ हे वाक्य अस्सल मराठी वळणाचे आहे.)

संस्कृत काव्यपरंपरेत हिमाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे वर्णन करताना कालिदास हिमाला त्या पर्वताचा एक दोषच मानतो, आणि असंख्य गुणांच्या गर्दीत तो दोष लपून जातो असा निर्वाळा देतो. पर्वताकडे दुरून पाहणाऱ्या कवीला हे परवडते. त्या दोषातून रोज वाट काढणाऱ्याला तो लपलेला दिसत नाही.

आता यंत्राकडे वळू. रस्त्यावरचे हिम हटवण्यासाठी घोड्यांनी ओढायच्या पात्याची जुनी नोंद अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराची, १८६२ सालची सांगितली जाते. मोटारगाडीला पाते जोडण्याचे श्रेय नॉर्वेतल्या ओव्हेरासेन बंधूंना दिले जाते, ते १९२३ सालचे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार याने फिरत्या पात्यांनी हिम आत ओढून धुराड्यासारख्या नळीतून दूर फेकणारे यंत्र सिद्ध केले. या दोन यंत्रांतला फरक इथेच समजून घेतला पाहिजे. पुढे सगळा इतिहास या फरकावर चालतो.

ट्रकच्या पुढे तिरपे बसवलेले पोलादी पाते हे ताज्या, उथळ हिमासाठी असते. ताजे हिम विलक्षण हलके. एका घनमीटरला ५० ते १०० किलो. ट्रक वेगात गेला की ते पात्यावरून वळून कडेला फेकले जाते. इथे ट्रकचे वजन आणि वेग हेच खरे हत्यार. सपाट प्रदेशातल्या, रुंद रस्त्यांच्या, रोज थोडे थोडे हिम पडणाऱ्या शहरांना ही युक्ती पुरते. हिमालयातल्या खिंडीत ती लगेच तोकडी पडते. तिथे हिम आकाशातून पडते त्याहून जास्त डोंगरावरून घसरून येते. घसरताना ते दाबले जाते, दगड-झाडे सोबत आणते आणि थांबल्यावर घट्ट बसते. अशा ढिगाचे वजन घनमीटरला ५०० किलोच्या आसपास भरते. त्यात ट्रकने पाते खुपसले तर ट्रकच थांबतो, आणि रस्त्याच्या एका बाजूला कडा व दुसऱ्या बाजूला दरी असल्यामुळे ‘बाजूला सारणे’ याला अर्थच राहत नाही. म्हणून तिथे आधी डोझर वरून थराथराने ढीग उतरवतो, मग फिरत्या पात्यांचे यंत्र ते दरीत भिरकावते आणि उरलेला हातभर थर पाते लावलेली गाडी खरवडते. या फिरत्या यंत्राला हिमालयात ‘रोल्बा’ म्हणतात. ते मुळात एका स्विस कंपनीचे नाव. आपल्याकडे वनस्पती तुपाला जसे सगळे सर्रास ‘डालडा’ म्हणत, तसाच हा प्रकार.

भारतीय लष्कराला या प्रश्नाची पहिली मोठी ओळख झाली ती १९४८ साली, आणि त्या वर्षाच्या दोन घटना मला इथे शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पहिलीत हिम नाही. एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या तुकडीपुढे रस्त्यात सुरुंग पेरलेले होते आणि पाइनची झाडे तोडून आडवी टाकलेली होती. ती वाट मोकळी करण्याचे काम खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या एका तरुण अधिकाऱ्याकडे होते. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडियाचे. ८ एप्रिलला, काम सुरू होताहोताच, उखळी तोफेच्या माऱ्यात त्यांचे दोन सहकारी गेले आणि राणे स्वतः जखमी झाले. तरी पुढचे तीन-चार दिवस ते सुरुंग काढत, झाडे उडवत, रणगाड्यांसाठी वळणवाटा करत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. वाट मोकळी करणारा माणूस नावानिशी इतिहासात जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. परमवीरचक्राच्या यादीत फावड्याचे काम फार थोडे सापडते.

दुसरी घटना जोजिलाची. सुमारे ११,६०० फुटांवरची ही खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि सप्टेंबरमधले हल्ले परतवले गेले होते. थिमय्यांनी इतक्या उंचीवर रणगाडे नेण्याचे ठरवले. सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे, बुरूज काढून आणि ओळख लपवून, श्रीनगरमार्गे बालतालपर्यंत आणले गेले. तिथून खिंडीपर्यंतची खेचरांची पायवाट रणगाडे जातील इतकी रुंद करण्याचे काम मद्रास सॅपर्सनी केले. हिम पडायला सुरुवात झाली होती. १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे खिंडीत शिरले आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी कारगिलशी संपर्क जुळला. लष्करी इतिहासात हा प्रसंग ‘रणगाड्यांचा पराक्रम’ म्हणून येतो. रणगाडा ज्यावरून गेला ती वाट करणारे तळटीपेत राहतात. असो.

त्यानंतरची बारा वर्षे या रस्त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही. मग १९६० आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना. दोघांच्या वयात सहा दिवसांचे अंतर. पूर्वेकडे पुढे ‘वर्तक’ या नावाने ओळखला गेलेला प्रकल्प आणि काश्मीरकडे ‘बीकन’, अशी दोन प्रकल्पांनी सुरुवात झाली. काम अजून बाल्यावस्थेत असतानाच १९६२चे युद्ध अंगावर आले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या ओठावर आहे. शालेय निबंधांपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत ते इतके वापरले गेले आहे की त्याचे रूपकपणच झिजून गेले. मला त्या रूपकाविषयी थोडी तक्रार आहे. ‘खुली झाली’ने माणसाच्या जागी खिंड बसवली, तर या वाक्याने माणसांच्या जागी पर्वत बसवला. एका नेत्याची बदली म्हणजे सह्याद्री धावणे, हे अलंकार म्हणून शोभते. पण सह्याद्रीकडून हिमालयाकडे प्रत्यक्षात काय काय गेले, हे मोजायला घेतले तर यादी वेगळी निघते.

त्या यादीत पुण्याचा वाटा मोठा आहे. लष्करी अभियंत्यांचे महाविद्यालय १९४८ साली रुरकीहून दापोडीला आले. बाँबे सॅपर्सचे केंद्र खडकीला होतेच. आणि सीमा रस्ते संघटनेचे कामकरी दल, जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, ज्याला सगळे ‘ग्रेफ’ म्हणतात, त्याचे केंद्र आणि अभिलेख कार्यालय पुण्याच्या दिघी कॅम्पात आहे. मला या लेखातली सर्वांत विलक्षण वस्तुस्थिती वाटते ती हीच. जोजिलावर डोझर चालवणारा माणूस केरळचा असो की गढवालचा, तो भरती होतो तेव्हा शारीरिक चाचणीसाठी दिघीच्या उन्हात धावतो. त्याची सेवापुस्तिका दिघीत राहते. त्याची बढती, त्याची रजा, त्याचा अपघात, त्याचे निवृत्तिवेतन यांचे कागद आळंदीच्या वाटेवरच्या त्या छावणीत जमा होतात. देशातल्या हिमाच्छादित रस्त्यांचा माणूसपातळीवरचा सर्वांत मोठा दप्तरखाना जिथे कधीच हिम पडत नाही अशा गावी आहे. सह्याद्री-हिमालय संबंधावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने भाषणांचे संग्रह बाजूला ठेवून त्या कागदांची आठवण करावी.

दुसरी गोष्ट ट्रकची, आणि इथे आमचा पट्टा कथेत येतो. ज्याला आज उल्हासनगर म्हणतात तो दुसऱ्या महायुद्धात कल्याणचा लष्करी संक्रमण तळ होता. बराकी, रस्ते, पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे तळ. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. पण लष्करी मोजणी लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. पत्ता सांगताना अजूनही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असेच म्हणतात. लागूनच असलेल्या अंबरनाथात विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना १९२०च्या दशकातच आला होता, तोही स्वीडिश भांडवलाने. बर्फाळ देशाचे पैसे आमच्याकडे आले ते आग पेटवण्यासाठी, ही गंमत नोंदवून ठेवतो. १९५०च्या दशकात शिलाहारकालीन शिवमंदिराच्या या गावात संरक्षण उत्पादनाचे दोन कारखाने उभे राहिले, आयुधनिर्माणी आणि यंत्रसाधनांचे नमुने घडवणारा ‘मशीन टूल प्रोटोटाइप’ कारखाना. या गावांतल्या कित्येक घरांत वडील ‘ऑर्डनन्स’मध्ये असत आणि सकाळच्या भोंग्यावर घरातले घड्याळ लावले जाई.

याच संरक्षण कारखान्यांच्या कुटुंबात हिमालयात गेलेला ट्रक जन्मला. त्याचे नाव शक्तिमान. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीशी करार करून जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात १९५९ पासून हे डिझेल ट्रक बनू लागले; पुढे जबलपुरातच स्वतंत्र वाहननिर्माणी झाली. चारही चाकांना ताकद देणारा, बोजड, गुरगुरणारा हा ट्रक १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार होत राहिला. रुडॉल्फ डिझेलने आपले पहिले इंजिन १८९७ साली ज्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवले, त्याच कारखान्यातून पुढे ‘मान’ झाली. म्हणजे जबलपूरच्या ट्रकची वंशावळ थेट मूळपुरुषापर्यंत जाते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित करून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा जबलपूरची वाहननिर्माणी आणि अंबरनाथचा प्रोटोटाइप कारखाना एकाच कंपनीत, आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये आले. कागदोपत्री तरी शक्तिमानचे पुढचे घर आणि आमचे गाव आता एकाच घराण्यातले.

डिझेल ट्रक थंडीत चालवणे म्हणजे काय, हे आमच्या हवेत राहून कळणे अवघड आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि फवारलेले इंधन पेट घेते. बाहेरची हवा उणे वीस अंश असेल, इंजिनाचे पोलाद तितकेच गार असेल, तर दाबूनही हवा पुरेशी तापत नाही. बॅटरी थंडीत अर्धमेली झालेली असते. तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते. त्यात जोजिलाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश. डिझेल पुरेसे असले तरी ते जाळायला हवा अपुरी, म्हणून काळा धूर जास्त आणि ताकद कमी. शिवाय खुद्द डिझेलच गोठू लागते. त्यात मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे कण होतात, डिझेल आधी गढूळ दिसते, मग गाळणीत मेण साचते आणि इंधनाची नळी कोंडते. मग सुरू होते पहाटेची ती सर्वपरिचित धडपड. इंजिनाखाली शेगडी किंवा स्टोव्ह ठेवायचा, टाकीला धग द्यायची, डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, किंवा गाडी रात्रभर बंदच करायची नाही. हे उपाय ड्रायव्हर लोकांनी एकमेकांकडून शिकले. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी अधिकृतपणे आणले ते १७ नोव्हेंबर २०१९ रोजी, पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यातून. शक्तिमान हिमालयात जाऊ लागल्यानंतर साधारण साठ वर्षांनी. मधली साठ वर्षे शेगडीवर गेली.

जोजिला उघडण्याची रीत साधारण अशी. सोनमर्गच्या बाजूने ‘बीकन’ची माणसे येतात, द्रासच्या बाजूने ‘विजयक’ प्रकल्पाची. हिमाखाली रस्ता नेमका कुठे आहे, हे दिसत नाही. डोझर चालवणारा अंदाजाने वरच्या थरावर चढतो. त्याचे एक सुळके अंतर चुकले तर खाली दरी. शैतानी नाल्यासारख्या जागी वरून पुन्हा हिम घसरते आणि काल साफ केलेले आज भरून निघते. दोन्ही तुकड्या भेटल्या की हस्तांदोलन होते, त्याला ‘गोल्डन हँडशेक’ म्हणतात. ज्या शब्दाने आपल्याकडे गिरण्या आणि बँकांतून माणसे घरी गेली, तोच शब्द तिथे काम फत्ते झाल्याच्या आनंदासाठी वापरतात. शब्दांचे हे दैव पाहून मौज वाटते.

पूर्वी ही खिंड हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२२ साली ती ७३ दिवस बंद राहिली, २०२३ साली ६८, २०२४ साली ३५ आणि २०२५ साली ३२. या उतरत्या आकड्यांचे सगळे श्रेय यंत्रांना देण्याची घाई करू नये. यंत्रे सुधारली, तुकड्या वाढल्या, लष्करी निकडही वाढली, हे खरे. पण जानेवारी २०२४ काश्मिरात असाधारण कोरडा गेला होता, हेही खरे. हिम कमी पडले की ‘विक्रमी वेळ’ सोपा होतो. दरम्यान सोनमर्गचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला आणि जोजिलाखालून सुमारे १३ किलोमीटरचा बोगदा खणण्याचे काम चालू आहे. तो पूर्ण झाला की वरच्या खिंडीतला बर्फ हटवण्याचा हा वार्षिक उद्योग इतिहासाचा भाग होईल, जसा रोहतांगचा बराचसा ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याने झाला. म्हणूनही तो लिहून ठेवायला हवा.

सीमा रस्ते संघटनेचे बोधवाक्य आहे ‘श्रमेण सर्वं साध्यम्’. संस्कृत शिकवणाऱ्या मित्रांनी त्याची पदरचना एकदा पाहावी. ‘श्रमेण’ तृतीया, म्हणजे करण, साधन. ‘साध्यम्’ कर्मणी. श्रम आहे, सिद्धी आहे, श्रम करणारा वाक्यात नाही. मराठी बातमीतल्या ‘खुली झाली’ने जे केले तेच इथे देववाणीत झाले आहे. बोधवाक्य रचणाऱ्याच्या मनात काही वावगे नव्हते. भाषेचीच ती सवय आहे, आणि अशा सवयींमागे बहुधा एखादी व्यवस्था उभी असते.

व्यवस्था अशी की या रस्त्यांवर दोन प्रकारची माणसे आहेत. एक ग्रेफची नियमित माणसे. १९८३ साली आर. विश्वन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सशस्त्र दलांचाच अविभाज्य भाग असल्याचे सांगितले. लष्करी शिस्त त्यांना लागू, त्यामुळे संघटना बांधण्याचा हक्क मर्यादित. दिघीचे दप्तर त्यांचे. दुसरी माणसे म्हणजे रोजंदारीवरचे मजूर, सरकारी भाषेत ‘कॅज्युअल पेड लेबर’. एका वेळी १७९ दिवसांपर्यंत नेमणूक. झारखंडातल्या दुमका भागातले संथाळ, बिहारचे, नेपाळचे, स्थानिक. यंत्राला पोचता येत नाही तिथे फावडे त्यांचे असते. डोझरच्या पुढे जाऊन रस्त्याची कड शोधणारेही पुष्कळदा तेच. मे २०२० मध्ये टाळेबंदीत लडाखला अडकलेल्या अशा ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने रांचीला आणले, तेव्हा कित्येकांना प्रथमच कळले की लेहच्या रस्त्यांवर दुमक्याची माणसे असतात.

२०२५ सालचे ते ३२ दिवस पुन्हा एकदा पाहू. जोजिला बंद झाली २७ फेब्रुवारीला. तीच हवामानाची लाट उत्तराखंडातही पोचली होती. दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीच्या सकाळी, चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांच्या तळावर हिमकडा कोसळला. माणसे लोखंडी कंटेनरमध्ये राहत होती. रस्त्यावरचे हिम हटवणे हेच त्यांचे काम. ५४ जण गाडले गेले. ४६ जिवंत निघाले, ८ जण गेले. आधी आकडा ५५ सांगितला जात होता. एक जण कोणाला न सांगता आपल्या घरी निघून गेला होता, हे नंतर समजले. हजेरीपट हे एकमेव दप्तर असले की मृतांच्या मोजणीत असा एकाचा फरक पडू शकतो.

सप्टेंबर २०२३ पर्यंत कामावर मरण पावलेल्या रोजंदारी मजुराचा मृतदेह गावी पोचवण्याची सरकारी तरतूद नव्हती. ती ग्रेफच्या नियमित माणसांपुरती होती. त्या महिन्यात ती मजुरांनाही लागू झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यासाठी १० लाख रुपयांचा गटविमा मंजूर झाला. अंत्यसंस्कारासाठी मिळणारी रक्कम २०२३च्याच निर्णयाने १०,००० रुपये करण्यात आली. त्याआधी ती १,००० रुपये होती.